शिक्षणाच्या बीटवर सात वर्षं: राजकारण घ्यावं, विद्यापीठात जावं की इथेच राहावं?

पत्राचा गोषवारा: पुण्यात एका मराठी वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधी असलेल्या वाचक सात वर्षं शिक्षणाचं बीट, म्हणजे त्या विषयाच्या बातम्यांची जबाबदारी, सांभाळत आहेत. त्या लिहितात, की मे महिन्यात निकालाच्या दिवशी दहा-बारा लाइव्ह होतात, जून-जुलैत अकरावीचे प्रवेश, मग सीईटी आणि विद्यापीठातली आंदोलनं. ऑगस्टनंतर मात्र रनडाऊनमधून (बातमीपत्राच्या क्रमातून) सगळ्यात आधी पडतं ते त्यांचंच पॅकेज (चित्रित करून तयार केलेली बातमी). त्यांच्याबरोबर रुजू झालेला सहकारी राजकारणाच्या बीटवर गेला आणि आज ब्युरो चीफ आहे. इनपुट हेड (बातम्या गोळा करणाऱ्या विभागाचे प्रमुख) म्हणतात, "शिक्षणाला टीआरपी नाही, तू राजकारणावर ये." त्यातच एका खासगी विद्यापीठाने जनसंपर्क विभागात दीडपट पगाराची नोकरी देऊ केली आहे आणि उत्तरासाठी महिनाभराची मुदत दिली आहे. घरी तीन वर्षांची मुलगी आहे. बीट सोडावं, वाहिनी सोडावी, की हा पेशाच सोडावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

---

तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी एका वाक्यात अडकल्या आहेत. पगार कमी आहे, बढती मिळाली नाही, आणि तेच ते काम करून कंटाळा आला आहे. विद्यापीठाची नोकरी यातली पहिली तक्रार सोडवते. राजकारणाचं बीट कदाचित दुसरी सोडवेल. तिसरीला दोन्हीकडे उत्तर नाही. राजकारणातही पत्रकार परिषद, बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया), दारासमोरचं थांबणं, पुन्हा बाईट हेच चक्र आहे, फक्त समोरची माणसं जास्त प्रसिद्ध असतात. म्हणून आधी कंटाळ्याचं पाहू. तो बीटचा आहे की बीट ज्या पद्धतीने केलं जातं तिचा, हे ठरल्याशिवाय बाकीचे दोन निर्णय घाईचे होतील.

"शिक्षणाला टीआरपी नाही" हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं स्वीकारलं आहे. ते जरा तपासा. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे आठवड्याने येतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये थांबवलेलं वृत्तवाहिन्यांचं रेटिंग २०२२ च्या मार्चमध्ये परत सुरू झालं, तेव्हापासून ते चार आठवड्यांच्या सरासरीने दिलं जातं. या आकड्यातून तुमचं मंगळवारचं पावणेदोन मिनिटांचं पॅकेज चाललं की पडलं, हे कुणालाही वाचता येत नाही. तुमच्या इनपुट हेडसाहेबांचा अनुभव खोटा असेल असं नाही, पण तो अनुभव आहे, मोजमाप नाही. मोजता येतं ते डिजिटलवर. तुमच्या डिजिटल डेस्ककडून गेल्या वर्षभरातल्या तुमच्या व्हिडिओंचे तीन आकडे मागून घ्या: सरासरी किती सेकंद पाहिलं गेलं, किती लोक शोध घेऊन आले, आणि प्रसारणानंतर तीस दिवसांनीही किती पाहिलं गेलं. शिक्षणाचा समजावून सांगणारा व्हिडिओ पहिल्या दिवशी राजकीय ब्रेकिंगपुढे हरतो, पण प्रवेशाची पुढची फेरी आली की लोक तो पुन्हा शोधतात. तुमच्या बाबतीत तसं झालं आहे का, ते पाहा. नसेल झालं, तर तेही कळलेलं बरं.

दुसरं गृहीतक म्हणजे शिक्षणाचं बीट दोन महिन्यांचं आहे. ते दोन महिन्यांचं दिसतं, कारण वाहिन्या मंडळाच्या पत्रकार परिषदेपाशी उभ्या राहतात. राज्य मंडळ, बालभारती, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, राज्य परीक्षा परिषद आणि शिक्षण आयुक्तालय, सगळी कार्यालयं तुमच्या शहरात आहेत. मुंबईच्या पत्रकाराला मंत्रालय जवळ असेल, पण शाळेच्या बाबतीतले बहुतेक कागद पुण्यात तयार होतात. या फायद्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही.

निकालाचाच दिवस घ्या. नऊ विभागीय मंडळं, कोकण पहिला, मुलींची बाजी, पेढा भरवतानाचा शॉट. आता दहावीच्या राज्य मंडळाची ही आकडेवारी बघा: २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१०, २०२० मध्ये ९५.३०, २०२१ मध्ये ९९.९५. दोन वर्षांत मुलं आधी बिघडली आणि मग हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढलं गेलं आणि निकाल कोसळला. पुढच्या वर्षी ते परत आलं, शिवाय टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही. म्हणजे निकालाच्या दिवशी विचारायचा पहिला प्रश्न "यंदा नियम काय बदलला?" हा आहे. २०२४ चे ९५.८१ आणि २०२५ चे ९४.१० यांत १.७१ टक्के-गुणांची घट आहे, म्हणजे दोन टक्केवाऱ्यांतला थेट फरक. ती "पावणेदोन टक्क्यांनी घट" अशी प्लेटवर (पडद्यावरच्या ग्राफिक पाटीवर) जाते, आणि टक्के आणि टक्के-गुण यांत फरक आहे हे ग्राफिक्स डेस्कला दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. निकालाच्या आदल्या संध्याकाळीच दहा वर्षांचे आकडे, त्या त्या वर्षीचा नियमबदल आणि विभागवार बसलेले विद्यार्थी एका तक्त्यात तयार ठेवलेत, तर अकरा वाजता परिषद सुरू झाल्यावर तुम्हाला फक्त एक स्तंभ भरायचा उरतो. बाकीचे माइक अध्यक्षांच्या तोंडून आकडे ऐकत असतात तेव्हा तुम्ही त्यांना कारण विचारू शकता.

किंवा २०२५ मधला पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद घ्या. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही मागे. या अडीच महिन्यांत पडद्यावर नेत्यांचे बाईट अखंड होते. १७ जूनच्या निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थी लागतील, अशी अट होती. ज्या जिल्हा परिषद शाळेत सबंध चार इयत्तांचा पट (विद्यार्थीसंख्या) मिळून पंधरा आहे, तिथे या अटीचा अर्थ काय? हा प्रश्न राजकीय प्रतिनिधीला सुचणं अवघड आहे, कारण पट, संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी), शिक्षकसंख्या हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द नाहीत. तुमच्या आहेत. त्या दिवसांतली सगळ्यात मोठी राजकीय बातमी तुमच्या बीटमधून आली होती, आणि ती तुमच्या हातून दुसऱ्याकडे गेली असेल, तर तो तुमच्या विषयाचा दोष नाही.

मग वर्षाचं वेळापत्रक उलटं लावा. बातमी उघड होते तेव्हा नाही, तर कागद जन्माला येतो तेव्हा तिथे असायचं. शुल्कवाढीची बातमी आपल्याकडे जूनमध्ये होते: फाटकासमोर पालक, फलक, घोषणा. पण २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळेने पुढच्या वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी ठेवायचा असतो. म्हणजे जूनमध्ये भरणाऱ्या शाळांची बातमी डिसेंबरची आहे आणि एप्रिलमध्ये भरणाऱ्यांची सप्टेंबर-ऑक्टोबरची. तेव्हा दहा शाळांच्या पालकांना एवढंच विचारा, की समिती नेमली गेली का, सोडत काढून नेमली का, बैठकीची नोटीस आली का. पालकांना तेव्हा काही करता येतं. जूनमध्ये त्यांच्या हाती फक्त घोषणा उरते.

तसंच ३० सप्टेंबरचं. त्या तारखेच्या पटावर संचमान्यता अवलंबून, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं, पदांवर वेतन. पट फुगवण्याचं कारण इथे आहे; २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवसांची विशेष पटपडताळणी करावी लागली ती याचमुळे. २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतल्या क्रमांकांचं) प्रकरण पोलिसांकडून बातमीत आलं, पण वेतन, मान्यता, रुजू तारीख हे सगळे कागद शिक्षण खात्याचेच होते. ऑगस्टनंतर तुमचं पॅकेज पडतं असं तुम्ही लिहिता. खरं तर या बीटमधला पैशाचा बराचसा व्यवहार त्यानंतरच्याच महिन्यांत होतो. अनुदानित, २०-४०-६०-८० टक्क्यांवर अडकलेल्या अंशतः अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित, या चार तऱ्हेच्या शाळांत पैसा कुठून येतो आणि कुठे थांबतो हे एका कागदावर काढून भिंतीला लावा. हिवाळी अधिवेशनात नागपूरला शिक्षक कशासाठी बसले आहेत, हे डेस्कला दोन वाक्यांत सांगता आलं तर पॅकेज पडायचं प्रमाण कमी होईल.

स्रोतांबद्दल एक सूचना. संचालक आणि आयुक्तांचे नंबर सगळ्यांकडे असतात. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी कार्यालयातले वरिष्ठ लिपिक, शालेय पोषण आहाराचा हिशेब ठेवणारे मुख्याध्यापक, परीक्षा विभागातले कक्ष अधिकारी, यांच्याशी दोन महिन्यांतून एकदा काम नसताना बोला. बाईट मागू नका. ही माणसं कॅमेऱ्यासमोर येत नाहीत, आणि आली तर अडचणीत येतात. त्यांच्याकडून एवढंच कळायला हवं, की कोणत्या तारखेचं कोणतं परिपत्रक मागायचं.

आणि कागद हातात आला तरी तो खरा आहे का? बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर खोटं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि एखादी वाहिनी ते चालवते. शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून तोच निर्णय उघडतो का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. परिपत्रक असेल तर जावक क्रमांक, तारीख आणि सही करणाऱ्याचं पद पाहा, आणि ज्या कार्यालयाला ते उद्देशून आहे तिथे फोन करा. "आवक झालं का?" एवढाच प्रश्न. प्रकरण मोठं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क दहा रुपये, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही साधारण १५० शब्दांत. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा "का" विचारल्यामुळे. का विचारू नका, प्रत मागा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या टिप्पणीची, अमुक नोंदवहीच्या पानांची. उत्तराची मुदत ३० दिवस, न आल्यास पहिलं अपील. स्वयंअर्थसहाय्यित शाळा थेट या कायद्याखाली येत नाही असं सांगितलं जातं. तिचे जे कागद शिक्षणाधिकाऱ्यांकडे आहेत ते शिक्षणाधिकाऱ्यांकडून मागा. महिन्याला दोन अर्ज टाकत राहिलात तर सहा महिन्यांनी ऑगस्ट रिकामा जाणार नाही.

आकड्यांत टीव्हीचे प्रतिनिधी पुन्हा पुन्हा घसरतात, म्हणून थोडं थांबून सांगते. "असर" या शिक्षणस्थितीच्या अहवालाचं सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन, एकेका मुलाला मजकूर वाचायला देऊन होतं. "राज्यातली पाचवीची मुलं" असं त्यावरून म्हणता येत नाही. पुण्या-मुंबईतली मुलं त्यात नाहीतच. "परख" या केंद्रीय मूल्यमापन केंद्राचं सर्वेक्षण शाळेत झालं, ४ डिसेंबर २०२४ ला, तिसरी, सहावी आणि नववीसाठी. त्याआधीचं २०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं होतं. इयत्ताच वेगळ्या असताना "महाराष्ट्र घसरला" किंवा "महाराष्ट्र वर आला" हे मथळे कसे बसवायचे? यू-डायस प्लसमध्ये (शाळांच्या माहितीच्या केंद्रीय नोंदणीत) २०२२-२३ पासून शाळेने एकूण संख्या कळवण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद होऊ लागली, त्यामुळे आधीच्या वर्षांशी तुलना करून "इतके लाख विद्यार्थी गायब" म्हणणं चूक आहे. त्यातली किती मुलं खरोखर शाळेबाहेर गेली आणि किती दुबार नावं गळाली, हे त्या एका आकड्यातून निघत नाही. अशी बातमी आली की डेस्कला स्पष्ट सांगा: तुलना होत नाही, पण यंदाच्या वर्षातली जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना होते, ती करू.

हे सगळं पडद्यावर कसं आणायचं, ही खरी अडचण आहे, आणि तिथे मला तुमच्या साहेबांची बाजूही थोडी पटते. संचमान्यता दिसत नाही. खड्डा दिसतो, मोर्चा दिसतो. पावणेदोन मिनिटांच्या पॅकेजमधून पंधरा सेकंदांचे दोन बाईट आणि तेवढीच पीटूसी (प्रतिनिधीने कॅमेऱ्याकडे पाहून बोलणं) वजा केली तर व्हीओला (चित्रांवरच्या निवेदनाला) एक मिनिट उरतं, म्हणजे सव्वाशे शब्दांच्या आसपास. त्यात एकच आकडा आणि एकच माणूस मावतो. दुसरा आकडा प्लेटवर, तिसरा अँकर लिंकमध्ये (निवेदकाच्या प्रस्तावनेत), चौथा वेबच्या मजकुरात. शिक्षकांची पदं गेली ही बातमी असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनातून सुरू करू नका. दोन इयत्ता एका खोलीत बसल्या आहेत, फळ्याच्या मध्ये खडूची उभी रेघ आहे, डावीकडे तिसरीचं गणित आणि उजवीकडे चौथीची कविता: हा शॉट आठ सेकंद धरा आणि त्यावर व्हीओ न टाकता खोलीचा आवाज राहू द्या. त्यासाठी शाळेत गेल्यावर आधी अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करून घ्या. पत्र्याच्या वर्गात आवाज घुमतो, बूम (दांड्यावरचा माइक) लांब धरला तर बाईट वाया जातो. लेपल (कॉलरचा छोटा माइक) लावा किंवा बूम वीतभर अंतरावर आणा. शिक्षकांचा बाईट मधल्या सुट्टीत घेऊ नका, मागचा गलका एडिटला निघत नाही. अधिकाऱ्यांचा बाईट सगळ्यात शेवटी, कागद समोर ठेवून. आधी गेलात तर "चौकशी करू" एवढंच मिळतं आणि संध्याकाळपर्यंत शाळेला फोन गेलेला असतो.

मुलांच्या चेहऱ्याबद्दल तडजोड नको. पाठमोरे शॉट, हात, वह्या, दप्तरं, चपलांची रांग, यांवर पॅकेज उभं राहतं. हजेरीपटाचा क्लोजअप घेताना नावं झाकली आहेत ना, ते जागेवरच पाहा. एडिटमध्ये ब्लर करू म्हटलेलं घाईत राहून जातं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मुलाचं नाव, फोटो, पत्ता, कुटुंबाचा तपशील, परिसर आणि शाळा, यांपैकी ओळख पटेल असं काहीही दाखवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही, आणि जबाबदारी वाहिनीच्या मालकावरही येते. शाळेच्या पाटीसमोर उभं राहून लाइव्ह द्यायला डेस्कने सांगितलं तर हे कलम मेसेजमध्ये लिहून पाठवा, तोंडी वाद घालू नका. निकालाच्या काळातल्या आत्महत्यांच्या बातमीत पद्धत, चिठ्ठी आणि गुण टाळा, आणि पडद्याखालच्या पट्टीवर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक जाऊ द्या.

आता राजकारणाच्या बीटबद्दल. ते घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तिथे तुम्ही सगळ्यात कनिष्ठ असाल, आणि तीन वर्षांच्या मुलीसह नेत्याच्या बंगल्याबाहेरच्या रात्री साडेदहाच्या लाइव्हचं गणित घरी मांडून बघावं लागेल. हे बाईने घरीच राहावं म्हणून लिहीत नाही. ड्युटीचे तास, रात्रीची गाडी आणि आठवड्याची सुट्टी हे साहेबांशी लेखी ठरवा, एवढंच. त्याऐवजी एक मधला रस्ता मागून पाहा. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षक मतदारसंघातून आणि सात पदवीधर मतदारसंघातून येतात. त्या निवडणुका, अधिवेशनातल्या शिक्षणावरच्या लक्षवेधी, अर्थसंकल्पातला शिक्षणाचा भाग, आणि शिक्षणसंस्था चालवणारे आमदार-खासदार, हे सगळं "राजकारण" म्हणूनच, पण माझ्याकडून करून घ्या, असा प्रस्ताव द्या. आपल्याकडे साखर कारखाना, सहकारी बँक आणि शिक्षणसंस्था एकाच घरात नांदतात; तिसरी बाजू नीट ठाऊक असलेला राजकीय प्रतिनिधी क्वचितच असतो. सहकाऱ्याची बढती बीटमुळे झाली की ब्युरोची माणसं, गाड्या, रजा सांभाळण्याची जबाबदारी त्याने आधीच उचलली म्हणून, हेही जरा आठवून बघा. दुसरं असेल तर तो मार्ग शिक्षण बीटवर असतानाही खुला आहे. पुढच्या निकालाच्या आठवड्यात सगळ्या जिल्ह्यांतल्या प्रतिनिधींचं नियोजन माझ्याकडे द्या, असं मागा.

विद्यापीठाची नोकरी वेगळा पेशा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त ती शिक्षणाशी जोडून राहण्याची सोय आहे असं समजून जाऊ नका. तिथे तुम्ही प्रवेश वाढवण्याच्या कामाचा भाग असाल: जाहिरात, कार्यक्रम, एखादं प्रकरण निघालं तर वाहिन्यांना थोपवणं. जाण्याआधी विचारा, की आधीची व्यक्ती किती दिवस टिकली, वरिष्ठ कोण, कुलसचिव की विपणन प्रमुख, प्रवेशाच्या आकड्यांचं लक्ष्य तुमच्या कामगिरीला जोडलं आहे का. दीडपट पगार विद्यापीठाच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाचा (सीटीसी) आहे की हातात येणारा, तेही बघा. सध्या तुम्ही वाहिनीत नोकरदार आहात की करारावर? दहा टक्के टीडीएस कापून मानधन मिळत असेल आणि भविष्यनिर्वाह निधी नसेल, तर तुम्ही करारावर आहात, आणि नव्या नोकरीतला निधीचा वाटाही वाढ म्हणून धरायला हवा. नोकरदार असाल तर पाच वर्षं ओलांडली असल्याने ग्रॅच्युइटी लागू आहे: कायद्याच्या व्याख्येत बसणारं शेवटचं महिन्याचं वेतन, त्याला २६ ने भागून गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. राजीनाम्याच्या पत्रात तिचा उल्लेख करा, नाहीतर ती "विसरली" जाते.

एक गोष्ट मात्र आजच करा. बोलणी सुरू आहेत तोवर त्या विद्यापीठाची बातमी तुम्ही करायची नाही, आणि त्याच्या स्पर्धक विद्यापीठाचीही नाही. संपादकांना कारण सांगायचं नसेल तर "वैयक्तिक संबंधामुळे दुसऱ्याला द्या" एवढं पुरे. पुढे नकार दिलात तरी किमान वर्षभर हे पाळा. शिक्षण बीटवर याची सवय तशीही हवी, कारण कोचिंग क्लास आणि खासगी विद्यापीठं हे वाहिन्यांचे मोठे जाहिरातदार आहेत, आणि "एज्युकेशन समिट"साठी कुलगुरूंचा बाईट आणायला मार्केटिंगवाले बीटच्या प्रतिनिधीलाच पाठवतात. प्रायोजित कार्यक्रम दुसऱ्या अँकरने करावा आणि पट्टीवर तसं लिहावं, हा आग्रह धरा. नाहीतर एकाच टॉपरचा फोटो तीन क्लासच्या जाहिरातीत कसा, ही बातमी तुम्हाला कधी करता येणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता कोर्स घेतला ते जाहिरातीत सांगणं त्यात आलं. पुण्यात एका चौकातले फलक वाचले तरी आठवड्याची सामग्री मिळेल.

वाहिनी सोडून प्रसारणातच राहायचं असेल तर रस्ते कमी आहेत. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या तशाच्या तशा लावता येतात. गंमत अशी, की एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात परीक्षा, निकाल, प्रवेश आणि करिअर मार्गदर्शन हे "बातमी" धरलेलं नाही, त्यामुळे तुमच्या बीटचा बराच भाग तिथे चालतो. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागात हंगामी कामं निघतात, मोबदला थोडा असतो. तुमच्याच वाहिनीच्या डिजिटलवर आठवड्याला एक सहा-सात मिनिटांचा कार्यक्रम मागणं मला त्यांच्याहून बरं वाटतं, कारण त्याचे आकडे तुमच्या नावावर साठतात आणि पुढच्या मुलाखतीत दाखवता येतात.

मुदत महिन्याची आहे, तेव्हा पहिल्या आठवड्यात डिजिटलचे आकडे आणि पगाराचा खरा हिशेब. दुसऱ्या आठवड्यात इनपुट हेडबरोबर अर्धा तास, हातात एक पान घेऊन: पुढच्या सहा महिन्यांतल्या दहा बातम्या, प्रत्येकीची तारीख, कागद आणि मुख्य शॉट. त्यातल्या तीन बातम्यांना प्राइम टाइमची जागा आणि पगारात ठरावीक रकमेची वाढ मागा. "बघू" हे उत्तर आलं तर तारीख विचारा. तिसऱ्या आठवड्यात विद्यापीठात त्या पदावर आधी काम केलेल्या व्यक्तीला गाठून भेटा. साहेबांनी दहापैकी एकही बातमी उचलली नाही आणि पगारावरही बोलले नाहीत, तर विद्यापीठाला होकार कळवा आणि नोटीस पिरियडची तारीख निकालाच्या आठवड्यात येणार नाही ते बघा. तीन उचलल्या, तर विद्यापीठाला नकार लेखी आणि लवकर द्या. त्या जनसंपर्क विभागात जो कुणी बसेल, त्याच्याशी तुमचं पुढे काम पडणारच आहे.